साचा आणि आखणी

पेणच्या आसपास ‘नक्कल’ हा शब्द शिवीसारखा वापरता येत नाही. हमरापूर, जोहे या गावांत बाराही महिने गणपती घडत असतात आणि त्यांतले बहुतेक साच्यातून निघतात. एखादा कसबी मूर्तिकार आधी मातीची मूळ मूर्ती घडवतो, तिच्यावरून साचा उतरतो आणि मग त्या एका साच्यातून शेकडो मूर्ती बाहेर पडतात. भाद्रपदात गणपती घेऊन घरी निघालेला एकही भाविक ‘ही अस्सल की प्रत?’ असे विचारत नाही. मात्र कारखान्यातले एक काम साच्यावर सोपवता येत नाही. ते म्हणजे डोळ्यांची आखणी. ती हातानेच करावी लागते, आणि ज्याचा हात आखणीत बसला आहे त्याचा मान कारखान्यात वेगळा असतो. साचा सगळ्यांचा, आखणी ज्याची त्याची, असा हा सरळ हिशेब आहे.

हाच हिशेब मला अलीकडे एका भलत्याच वस्तूच्या बाबतीत मांडावा लागला. पेणहून रोह्याच्या दिशेने रेल्वेने निघाले की पुढचे स्टेशन कासू. रेल्वेने न जाणाऱ्यांनाही हे नाव वर्तमानपत्रांमुळे पाठ झाले आहे, कारण मुंबई-गोवा महामार्गाच्या रखडलेल्या कामाच्या बातम्यांत ‘पळस्पे ते कासू’ आणि ‘कासू ते इंदापूर’ असे दोन टप्पे वर्षानुवर्षे येत राहिले. या कासूतला, आमच्या नात्यातला एक तरुण बेंजो पार्टीत कीबोर्ड वाजवतो. एका जुन्या, नामांकित सिंथेसायझरची स्वस्तातली प्रत घ्यावी असे त्याच्या मनात आले. मी निवृत्त बँक अधिकारी आणि त्यातून कादंबऱ्या लिहिणारा. म्हणजे पैशाचा आणि खोट्याचा, असा दोन्हींचा अनुभव गाठीशी असलेला माणूस. सल्ला विचारायला याहून योग्य कोण सापडणार!

आधी हे वाद्य काय आहे ते पाहू. रॉबर्ट मूग हे अमेरिकन अभियंते. त्यांच्या आडनावाचा खरा उच्चार ‘मोग’, पण स्पेलिंग वाचून आपण ‘मूग’ म्हणतो. हे मूग मात्र गिळून गप्प बसण्यातले नव्हेत. १९६०च्या दशकात त्यांनी विजेच्या दाबावर सूर चालवणारे यंत्र बनवले. ते कपाटाएवढे असे आणि जुन्या टेलिफोन एक्स्चेंजसारख्या त्यात इकडून तिकडे तारा खुपसत बसावे लागे. १९७० मध्ये त्यांच्या कारखान्यातल्या बिल हेमसाथ या अभियंत्याने एक कीबोर्ड करवतीने अर्धा कापला, हाताशी असलेले भाग एका लहान पेटीत बसवले आणि त्या कपाटाची सुटसुटीत आवृत्ती तयार केली. त्यातूनच पुढे ‘मिनीमूग मॉडेल डी’ बाजारात आले. किंमत १,४९५ डॉलर. १९८१ मध्ये उत्पादन थांबेपर्यंत त्याचे सुमारे बारा हजार नग तयार झाले.

त्याच्या पोटात तीन ‘ऑसिलेटर’ असतात, म्हणजे सूर निर्माण करणारी तीन मंडले. विजेचा दाब एका व्होल्टने वाढवला की सूर बरोबर एक सप्तक वर जातो. तिन्ही सूर एकमेकांपासून केसभर मागेपुढे ठेवले की आवाज भरदार होतो. तिघांनी एका सुरात म्हटलेली आरती ही एकाने मोठ्याने म्हटलेल्या आरतीहून वेगळी ऐकू येते, तसेच हे. मग तो आवाज ‘फिल्टर’मधून जातो. फिल्टर समजून घ्यायचा तर तोंडाने ‘आ’ म्हणत म्हणत ओठ हळूहळू जवळ आणून ‘ऊ’पर्यंत या. सूर तोच राहतो, पण त्यातली चकाकी कमी होत जाते. मिनीमूगचे नाव झाले ते या फिल्टरमुळे. शिडीच्या पायऱ्यांसारख्या रचलेल्या ट्रान्झिस्टरच्या या मंडलाचे पेटंट मूग यांना १९६९ मध्ये मिळाले.

आणखी एक सोय आपल्या संगीताच्या दृष्टीने महत्त्वाची. पेटीवर, म्हणजे हार्मोनियमवर, मींड निघत नाही ही आपल्याकडची जुनी तक्रार. १९४० मध्ये ऑल इंडिया रेडिओने हार्मोनियमवर बंदी घातली, तिच्यामागच्या कारणांत हेही एक होते. मिनीमूगला डाव्या हाताशी दोन चाके आहेत. एकाने सूर खालीवर ओढता येतो, दुसऱ्याने त्याला कंप देता येतो. शिवाय एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्यासाठी वेगळी कळ आहे. पट्ट्या युरोपातल्या असल्या तरी हे वाद्य आपल्या गळ्याच्या बरेच जवळ येऊ शकते.

पण येऊ शकते म्हणून घरी आणता येत नव्हते. १९७०च्या दशकाच्या आरंभी डॉलर साडेसात रुपयांच्या आसपास होता. म्हणजे नुसती मूळ किंमतच अकरा हजारांवर गेली. त्यावर जकात, जहाजाचे भाडे आणि परकीय चलनाची यातायात. त्या काळी बँकेत नव्याने लागलेल्या अधिकाऱ्याचा महिन्याचा पगार शेकड्यांत मोजला जाई. त्यामुळे ही यंत्रे आपल्याकडे आधी संस्थेत आली आणि मग सिनेमात. अहमदाबादच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ डिझाइनमध्ये १९६९ साली डेव्हिड ट्यूडर या अमेरिकन संगीतकाराच्या मदतीने मूगचे मोठे यंत्र बसवले गेले. मुंबईत केर्सी लॉर्ड या पारशी वादकाने १९७०च्या दशकात मिनीमूग आणले आणि हिंदी चित्रपटांच्या संगीतात ते ऐकू येऊ लागले. गावोगावच्या पोरांनी तो आवाज ऐकला, पण वाद्य कधी पाहिले नाही.

आता नकलेकडे वळू. उली बेहरिंगर यांनी १९८९ मध्ये जर्मनीत सुरू केलेली त्यांच्याच नावाची कंपनी आज चीनमधल्या झोंगशान शहरातल्या स्वतःच्या प्रचंड कारखान्यात माल बनवते. नावाजलेल्या वस्तूंच्या स्वस्त आवृत्त्या काढणे हा तिचा धंदा. २०१७ मध्ये तिने मिनीमूगची आपली आवृत्ती जाहीर केली. मूग कंपनीने २०१६ साली मूळ मिनीमूग पुन्हा काढले तेव्हा त्याची किंमत साडेतीन हजार डॉलर होती. २०२२ मध्ये पुन्हा काढले तेव्हा ती पाच हजारांना टेकली. बेहरिंगरची प्रत निघाली जेमतेम तीनशे डॉलरला. आजच्या दराने एक वस्तू चार लाखांपुढे आणि दुसरी पंचवीस-तीस हजारांत. सरकारी देणी दोन्हींवर वेगळी.

एवढा फरक कशाने पडतो? पहिली गोष्ट म्हणजे प्रतीला पट्ट्याच नाहीत. ती फूटभर लांबीची पेटी आहे आणि कीबोर्ड वेगळा जोडावा लागतो. दुसरी गोष्ट, आतले भाग मोहरीएवढे असून ते यंत्राने पाटीवर चिकटवलेले असतात. मूळ वाद्यात हाताने डाग देऊन बसवलेले, बोटांत धरता येतील असे भाग होते. तिसरी गोष्ट घाऊक उत्पादनाची. पण तीन ऑसिलेटर, शिडीचा फिल्टर, कळांची मांडणी हे सगळे मूळ वाद्याबरहुकूम आहे. दोन मर्यादाही तशाच उतरल्या आहेत. एका वेळी एकच सूर वाजतो आणि वाद्याला स्मरणशक्ती नाही. आज फिरवून फिरवून सापडलेला आवाज उद्या हवा असेल, तर कळा कुठे होत्या हे वहीत टिपून ठेवावे लागते.

आवाज सारखा आहे का, हा सगळ्यांचा आवडता वाद. त्यात एक गंमत आहे. मूळ मिनीमूगचे दोन नग शेजारी ठेवले तर तेही तंतोतंत सारखे वाजत नाहीत. आतले भाग जुने होतात, खोली तापली की सूर सरकतो, वाद्य सुरू केल्यावर ते स्थिर व्हायला वेळ द्यावा लागतो. मग प्रत ताडून पाहायची ती कोणत्या अस्सलशी? पन्नास वर्षे जुन्या, तीन वेळा दुरुस्त झालेल्या नगाशी, की कंपनीने नव्याने काढलेल्या नगाशी? ढोल, ताशा आणि बेंजोच्या गजरात हा फरक कोणाच्या कानाला कळणार नाही. शांत खोलीत, चांगल्या स्पीकरवर, कान तयार असलेल्या माणसाला काही फरक कळेलही. तो फरक पावणेचार लाखांचा आहे का, एवढाच प्रश्न उरतो.

कायदा काय म्हणतो? पेटंट म्हणजे समाजाने शोधकाशी केलेला करार. तू तुझी युक्ती सगळ्यांना उघड करून सांग, त्या बदल्यात काही वर्षे तिचा मक्ता तुझा. १९६९ च्या पेटंटची मुदत १९८०च्या दशकातच संपली. त्यानंतर ती शिडी सगळ्यांची झाली. बेहरिंगरवर कोर्टकचेऱ्या झाल्या नाहीत असे नाही. मॅकी या अमेरिकन कंपनीने मिक्सरच्या मंडलांची नक्कल केल्याबद्दल तिला खेचले, तेव्हा १९९९ मध्ये लंडनच्या न्यायालयाने मंडलाचा आराखडा पाहून वस्तू बनवण्याने कॉपीराइटचा भंग होत नाही असे ठरवले. २००५ मध्ये जपानच्या रोलंड कंपनीने गिटारच्या पेडलांचे रंगरूप उचलल्याबद्दल दावा लावला, तो पुढच्या वर्षी आपसात मिटला. थोडक्यात, आतली युक्ती मुदत संपल्यावर मोकळी होते. नाव आणि चेहरा मात्र उचलता येत नाही.

कायद्याचे झाले. पण माझ्या पिढीच्या मनाला एवढ्याने समाधान वाटत नाही. ज्याने डोके चालवले त्याच्या घरी काही जाते की नाही? बँकेत चाळीस वर्षांपूर्वी पहिला धडा मिळाला तो हा, की पैसा कोणाच्या खात्यातून निघाला आणि कोणाच्या खात्यात पडला एवढे पाहा, बाकीचे वाक्चातुर्य सोडून द्या. तसे पाहू. तुम्ही जुने, १९७०च्या दशकातले अस्सल मिनीमूग लाखो रुपये देऊन घेतलेत, तर ते पैसे आधीच्या मालकाला मिळतात. मूग यांच्या वारसांना किंवा कंपनीला त्यातला पैसाही जात नाही. नव्याने काढलेले घेतलेत तर कंपनीला मिळतात. पण कंपनी म्हणजे मूग असेही कायम नव्हते. रॉबर्ट मूग यांच्या हातून कंपनीची मालकी १९७०च्या दशकाच्या सुरुवातीलाच गेली, १९७७ मध्ये ते बाहेर पडले आणि स्वतःच्या नावाने धंदा करण्याचा हक्क त्यांना परत मिळाला तो २००२ मध्ये. तीन वर्षांनी, २००५ मध्ये, ते वारले.

आणि मूग यांची स्वतःची सुरुवात कशी झाली होती? रशियन शास्त्रज्ञ लेव थेरेमिन यांनी हात न लावता, हवेत हात हलवून वाजवायचे वाद्य शोधले होते. त्याला त्यांचेच नाव पडले. तरुण मूग हे थेरेमिन बनवून विकत. १९६१ मध्ये त्यांनी ते घरी जोडता येईल अशा सुट्या भागांच्या संचाची आखणी एका मासिकात छापली आणि पन्नास डॉलरला एक, असे सुमारे हजार संच विकले. दुसऱ्याच्या वाद्याची परवडणारी प्रत विकून मिळालेल्या पैशावर आणि अनुभवावर त्यांचे पुढचे काम उभे राहिले.

मग नक्कल म्हणजे सगळे माफ का? तसेही नाही. २०१५ मध्ये मूग कंपनीच्या मालकाने जवळपास निम्मी मालकी कामगारांच्या नावे केली होती. २०२३ मध्ये कंपनी इनम्युझिक या मोठ्या समूहाने विकत घेतली आणि त्यानंतर अमेरिकेतल्या अ‍ॅशव्हिल गावातल्या कारखान्यातल्या बऱ्याच जणांच्या नोकऱ्या गेल्या. त्याचे खापर एका स्वस्त प्रतीवर फोडणे अन्यायाचे होईल. पण बाजारात तीनशे आणि पाच हजार असे दोन भाव शेजारी उभे राहिले की पाच हजारवाल्याच्या पगारपत्रकावर ताण येणार, हे समजायला अर्थशास्त्री असण्याची गरज नाही. आपल्याकडेही हे घडले आहे. १९७०च्या दशकाच्या अखेरीस बंगळूरच्या जी. राज नारायण यांनी इलेक्ट्रॉनिक तंबोरा बाजारात आणला. गावोगावच्या विद्यार्थ्यांची रियाझाची सोय झाली आणि ती मोठीच सोय होती. मिरजेत भोपळा निवडून, कोरून, जवारी काढून तंबोरा घडवणाऱ्या कारागिरांना ती स्पर्धा सुखाची नव्हती. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नावाला संरक्षण आले, ही चांगली गोष्ट. पण कारागिराला जगवतो तो गिऱ्हाईक.

म्हणून मी मनाशी एक रेघ मारली आहे. ज्या युक्तीचा मक्ता कधीच संपला, जिच्या शोधकाचे नाव जगभर झाले, तिची प्रत घेण्यात मला गैर वाटत नाही. पण एखादा कारागीर आज, आत्ता, आपल्या खोलीत बसून नवे काही घडवतो आहे आणि त्याच्या पहिल्या शंभर नगांचे पैसे अजून यायचे आहेत, तेव्हाच त्याची हुबेहूब प्रत निम्म्या भावात काढणे म्हणजे त्याच्या ताटातला घास उचलणे. ते कायद्यात बसले तरी आपण घेऊ नये.

वाद्यांचा इतिहास पाहिला तर सगळा असा उसनवारीचाच आहे. कोकणातल्या भजनी बुवांच्या पुढ्यातली पेटी घ्या. पॅरिसच्या अलेक्झांडर डेबँ यांनी १८४०च्या दशकात हार्मोनियमचे पेटंट घेतले. ते वाद्य खुर्चीवर बसून, पायाने भाता मारत वाजवायचे. कोलकात्याच्या द्वारकानाथ घोष यांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात भाता मागे घेतला, वाद्य लहान केले आणि मांडी घालून बसणाऱ्या माणसाच्या हाती दिले. आज भजनात पेटी परकी आहे असे म्हणणाऱ्याला मंडळी बाहेर काढतील.

बेंजोची कथा तर आणखी मजेची. आपल्या मिरवणुकीतल्या बेंजोचा अमेरिकेतल्या बँजोशी नावापुरताच संबंध. १९१२ मध्ये जपानमधल्या नागोया शहरात गोरो मोरिता यांनी टाइपराइटरच्या कळांवरून कल्पना घेऊन ‘ताइशोगोतो’ हे तारवाद्य बनवले. ते हिंदुस्थानात आले, बुलबुलतरंग झाले, मुंबई-कोकणात त्याला वीज जोडली गेली आणि नाव मिळाले अमेरिकन. म्हणजे जपानी वाद्याची देशी प्रत, तीही उसन्या नावाची. आगरी-कोळी गाणी मात्र तिच्यावर अशी वाजतात की ती दुसऱ्या कशावर शोभतच नाहीत.

आणि नागिणीची बीन? १९५४ च्या ‘नागिन’ चित्रपटात, हेमंतकुमारांच्या संगीतात, जी बीन ऐकू येते ती गारुड्याची पुंगी नव्हे. ती कल्याणजींनी क्लॅव्हियोलीन या फ्रेंच बनावटीच्या विजेवरच्या वाद्यावर वाजवली आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. पुढे बँडवाल्यांनी त्या नकलेची नक्कल क्लॅरिनेटवर केली, बेंजोवाल्यांनी बेंजोवर केली, कीबोर्डवाल्यांनी कीबोर्डवर केली. आज लग्नाच्या वरातीत तोंडात रुमाल धरून नाचणाऱ्याला खरी पुंगी ऐकवली, तर तो म्हणेल, ही बीन काही बरोबर वाजत नाही.

पण या साऱ्या उसनवारीत एक उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. मुंबईचे चरणजीत सिंग हे सिनेमाच्या वाद्यवृंदातले वादक. लग्नसमारंभांतही त्यांचा स्वतःचा वाद्यवृंद वाजत असे. १९८२ मध्ये त्यांनी रोलंड कंपनीची ज्युपिटर-८, टीआर-८०८ आणि टीबी-३०३ ही तीन यंत्रे समोर मांडली आणि भैरवी, ललत, यमन, मालकंस असे दहा राग डिस्कोच्या ठेक्यावर वाजवले. एचएमव्हीने रेकॉर्ड काढली, ती फारशी खपली नाही. यांतले टीबी-३०३ हे यंत्रही कमनशिबीच. एकट्याने सराव करणाऱ्या गिटारवादकाला बास गिटारची साथ मिळावी म्हणून ते बनवले होते, पण त्याचा आवाज बास गिटारसारखा काही होईना. सुमारे दहा हजार नग काढून रोलंडने १९८४ मध्ये ते बंद केले.

मग ती यंत्रे जुन्या बाजारात पडेल भावाने गेली. शिकागोतल्या हातात फार पैसा नसलेल्या तरुणांनी ती उचलली, कळा वेड्यावाकड्या फिरवल्या आणि १९८७ मध्ये त्या करवतणाऱ्या, ओल्या आवाजातून ‘अ‍ॅसिड हाउस’ नावाचा नाचाचा नवा प्रकार जन्माला आला. जगभर मागणी आली आणि भंगारातल्या यंत्राचा भाव आकाशाला भिडला. पुढे एडो बाउमन या डच संग्राहकाला २००२ मध्ये दिल्लीत चरणजीत सिंगांची जुनी रेकॉर्ड सापडली. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली आणि लोक चकित झाले, कारण शिकागोच्या पाच वर्षे आधी मुंबईत तोच आवाज यमनात आणि मालकंसात वाजून गेला होता. उतारवयात सिंग यांना परदेशी रसिकांनी डोक्यावर घेतले. २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले.

या यंत्राची प्रतही बेहरिंगरने २०१९ मध्ये काढली आहे, दीडशे डॉलरच्या आसपास. ती घ्यायला हरकत नाही. पण काय घेतो आहोत हे नीट समजून घ्यावे. बास गिटारची फसलेली नक्कल म्हणून जन्मलेले हे यंत्र स्वस्त झाल्यावर अस्सल झाले. ज्यांना ते परवडले त्यांनी ते कंपनीच्या मनात नव्हते तसे वाजवले, म्हणून ते अभिजात ठरले. खोक्यात यंत्र मिळते. चरणजीत सिंग मिळत नाहीत.

आता कासूचा हिशेब. बँकेत कर्जाचा अर्ज आला की आम्ही तीन प्रश्न विचारत असू. पैसा कशासाठी हवा? तो परत कसा येणार? आणि वस्तू मोडली तर काय? तेच प्रश्न मी त्या मुलाला विचारले.

कशासाठी, याचे त्याने आधी दिलेले उत्तर होते, मिरवणुकीसाठी. ते मी खोडून काढले. ट्रॉलीवर, जनरेटरच्या कमीजास्त विजेवर, पावसात ताडपत्रीखाली, दर गाण्याला कळा नव्याने जुळवत बसणे शक्य नाही. तिथे शंभर आवाज साठवून ठेवणारा जुना जपानी कीबोर्डच बरा. मग त्याने खरे सांगितले. “काका, मला दुसऱ्याच्या गाण्याचे आवाज लावून कंटाळा आलाय. घरी बसून स्वतःचा आवाज बनवायचाय.” हे उत्तर मला पटले. कीबोर्डमध्ये आवाज तयार मिळतात, त्यांना नंबर असतात. इथे आवाज शून्यातून बांधावा लागतो, त्यामुळे तो का तसा झाला हे समजते. शिकायला हे वाद्य उत्तम.

परत कसा येणार, याचे प्रामाणिक उत्तर म्हणजे येणार नाही, निदान लवकर नाही. अस्सल जुने मिनीमूग ही मालमत्ता आहे, त्याचा भाव वाढत जातो. प्रत हे अवजार आहे, खोके उघडले की तिचा भाव उतरतो. मालमत्तेसाठी माणूस कर्ज काढतो, कमावत्या अवजारासाठीही काढावे. पण शिकण्याच्या अवजारासाठी हप्ता डोक्यावर घेऊ नये. महिन्याच्या पाच तारखेची भीती घेऊन कोणाला स्वतःचा सूर सापडल्याचे माझ्या ऐकिवात नाही. हंगामातली बचत असेल तर घे, नाहीतर थांब, असे मी त्याला म्हटले.

मोडली तर काय, हा प्रश्न सर्वांत अवघड. मूळ वाद्यातला ट्रान्झिस्टर पेणच्या बाजारातला एखादा जुना टीव्ही दुरुस्त करणाराही डाग देऊन बदलू शकेल. प्रतीतले मोहरीएवढे भाग त्याच्या हाताला लागणार नाहीत. हमीच्या मुदतीनंतर पाटीच बदलावी लागते, आणि ती मिळाली तर. कोकणच्या दमट हवेत झाकून ठेवणे, मधूनमधून चालू करून ऊब देणे, चांगला स्टॅबिलायझर लावणे एवढेच आपल्या हातात. स्वस्त वस्तूची खरी किंमत दुरुस्तीच्या दिवशी कळते.

चौथी वाटही मी दाखवली. याच वाद्याची संगणकावर आणि फोनवर चालणारी रूपे मिळतात. मूग कंपनीने स्वतःचे अ‍ॅप काढले होते आणि २०२० च्या टाळेबंदीत काही काळ फुकट वाटले होते. तीन महिने अशा एखाद्या रूपावर बोट फिरव, तरीही हात खऱ्या कळेसाठी शिवशिवत असेल तर मग खरेदी कर. त्याने तीन महिने खरोखर काढले, हे मला विशेष वाटले.

त्याच्या वडिलांची हरकत मात्र माझ्या कोणत्याच कोष्टकात बसत नव्हती. ते स्वतः जुने बेंजोवादक. वाद्याची माहिती ऐकून ते म्हणाले, “एका टायमाला एकच सूर? आणि त्याला तीस हजार?” यावर मूग यांच्यापाशीही उत्तर नसते.

शेवटी हंगामाच्या बचतीतून ती प्रत कासूला आली. पहिल्या आठवड्यात मुलाने काय केले असेल? कळा फिरवून फिरवून नागिणीची बीन जुळवली. ती इतकी बरोबर जमली की आळीतली पोरे दारात जमून नाचायला लागली. वडील खाटेवर बसून ऐकत होते. बीन थांबल्यावर म्हणाले, “झाली बीन. पण ही तर आपल्या बेंजोवर पण वाजते. आता तुझं काय ते वाजव.”

तो अजून शोधतो आहे. डोक्यावर हप्ता नाही, त्यामुळे घाईही नाही.